आकृत्या काढायच्या, आणि वाटायच्याही

ओरिगामीचा छंद असलेल्या मंडळींमध्ये एक मत अलीकडे फार सहजपणे मांडलं जातं. नवी रचना जमली की तिचा फोटो गटात टाकावा, कुणी फारच आग्रह धरला तर घड्या घालतानाचा व्हिडिओ करावा. पण पायरीपायरीच्या आकृत्या काढून, त्यांना क्रमांक देऊन, पुस्तिका जुळवून ती सगळ्यांना वाटण्याच्या भानगडीत आता कुणी पडू नये. व्हिडिओ असताना आकृत्या बघतो कोण, असं एक जण म्हणतो. दुसऱ्याचं म्हणणं असं की आज फुकट वाटलेलं उद्या भलत्याच माणसाच्या नावावर फिरताना दिसतं. आणि ज्यांना कलेच्या शुद्धतेची काळजी आहे ते सांगतात, की तयार पायऱ्या हातात पडल्या की शिकणाऱ्याचं डोकं चालेनासं होतं. हे बोलणारे लोक कलेचे शत्रू नाहीत. त्यांतले कित्येक उत्तम घड्या घालणारे आहेत, नवख्यांना वेळ देणारे आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला उत्तर देणं गरजेचं आहे. ओरिगामी आज जिथं पोचली आहे तिथं तिला वाटलेल्या आकृत्यांनी पोचवलं, आणि ज्या रचनांच्या आकृत्या निघाल्या नाहीत त्यांतल्या बहुतेक त्यांच्या कर्त्याबरोबर संपल्या. या दोन गोष्टींचा पुरावा भरपूर आहे आणि वरची तिन्ही कारणं त्या पुराव्यापुढं टिकत नाहीत.

आकृत्यांशिवाय ही कला कशी जगते हे पाहायला जपानपर्यंत जावं लागत नाही. मराठी घरांत कागदाच्या घड्या पिढ्यान्‌पिढ्या घातल्या गेल्या आहेत. साधी होडी, शिडाची होडी, बंबाची होडी, वर्तमानपत्राची टोपी, बाण, दौत, बोटांत धरून उघडझाप करायचं ते चार टोकांचं खेळणं. मोठ्या भावानं धाकट्याला, आजीनं नातवंडाला पावसाळ्याच्या दिवसांत समोर बसवून शिकवायचं, एवढीच या विद्येची व्यवस्था होती. ठेवा खरा आहे आणि गोडही आहे. पण तो किती लहान राहिला ते बघा. एका दमात लक्षात राहील तेवढंच हातातून हातात गेलं. तीस-चाळीस पायऱ्यांची एकही घडी या वाटेनं आपल्यापर्यंत आलेली नाही. मधल्या एखाद्या पिढीला बंबाच्या होडीची शेवटची ओढ आठवली नाही की त्या घरापुरती ती होडी कायमची गेली. कुणी नवी घडी शोधली असेलही, नक्की असेल, एवढ्या हातांमध्ये एखादा तरी कल्पक हात असणारच. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही आणि त्याची घडीही नाही.

जपानमध्येही फार वेगळं नव्हतं. 1797 साली क्योतोमध्ये ‘सेनबाझुरु ओरिकाता’ हे पुस्तक छापलं गेलं. एकाच कागदाला ठरावीक ठिकाणी कापून त्यातून एकमेकांना चोचीनं, पंखानं जोडलेले क्रौंच पक्षी घडवायचे, अशा 49 रचना त्यात आहेत. ओरिगामीच्या सर्वांत जुन्या छापील पुस्तकांमध्ये त्याची गणना होते आणि ते देखणंही आहे. पण त्याची मांडणी पाहिली की अडचण लगेच कळते: कागद कुठं कापायचा ते दिलेलं, तयार वस्तूचं चित्र दिलेलं, आणि मधला बराचसा प्रवास वाचकाच्या हुशारीवर सोडलेला. ज्याला क्रौंच आधीच येत होता त्याला पुस्तक उपयोगी, बाकीच्यांनी चित्रं पाहून कौतुक करायचं. आज गटांमध्ये तयार रचनेचा फोटो टाकून थांबण्याची जी पद्धत आहे ती याहूनही एक पाऊल मागं आहे, कारण फोटोत कापायच्या रेघाही नसतात.

हे चित्र पालटलं ते अकिरा योशिझावा यांच्यामुळं. कारखान्यात काम करताना शिकाऊ कामगारांना भूमिती समजावून सांगण्यासाठी ते कागदाच्या घड्या वापरत. 1954 साली निघालेल्या त्यांच्या ‘अताराशी ओरिगामी गेइजुत्सु’ या पुस्तकात त्यांनी घडी लिहिण्याची एक लिपीच मांडली. आतल्या बाजूला दुमडायची व्हॅली फोल्ड म्हणजे तुटक रेघ, पाठीमागं दुमडायची माउंटन फोल्ड म्हणजे रेघ आणि टिंब यांची माळ, आणि कागद कुठून कुठं जातो ते दाखवणारा बाण. 1961 मध्ये अमेरिकेच्या सॅम्युएल रँडलेट यांनी ‘द आर्ट ऑफ ओरिगामी’मध्ये ही पद्धत उचलली, आणि त्यांनी व इंग्लंडच्या रॉबर्ट हार्बिन यांनी तिच्यात कागद फिरवणं, आकृती मोठी करून दाखवणं अशा खुणांची भर घातली. त्याच सुमारास छंदी लोकांच्या संस्था उभ्या राहत होत्या. न्यू यॉर्कमध्ये लिलियन ओपनहायमर यांनी 1958 साली ओरिगामी सेंटर सुरू केलं, 1967 मध्ये ब्रिटिश ओरिगामी सोसायटी स्थापन झाली. या मंडळींच्या संमेलनांची एक रीत पुढं पक्की झाली: सभासदांनी आपापल्या रचनांच्या आकृत्या आणायच्या, त्यांचा संग्रह करायचा आणि तो आलेल्यांच्या हाती द्यायचा. जपानमध्ये आणि अमेरिकेत असे संमेलन-संग्रह अजूनही निघतात. म्हणजे आकृत्या वाटणं ही कुणाची अलीकडची हौस नाही, ओरिगामीच्या संघटित छंदाची घडणच तिच्यावर झालेली आहे.

आणि ही लिपी भाषेच्या पलीकडची आहे, हा तिचा सर्वांत मोठा गुण. जपानी अक्षर ओळखू न येणारा सांगलीचा किंवा मडगावचा माणूस जपानी पुस्तक समोर ठेवून शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ शकतो. व्हिडिओमध्ये बोलणारा माणूस स्पॅनिशमध्ये बोलतो आहे की मराठीत, यानं फरक पडतो. तुटक रेघेला भाषा नाही.

आता एक पायरी जवळून पाहू, म्हणजे आकृती नेमकं काय करते ते कळेल. क्रौंच घडवताना पेटल फोल्ड लागते. चौरस कागद घडी घालून लहान चौकोन झालेला असतो, त्याचं उघडं टोक आपल्याकडं असतं. दोन्ही बाजूंच्या कडा मधल्या रेघेवर आणून दाबायच्या, वरचा त्रिकोण खाली दाबायचा, मग हे सगळं उघडायचं. आता फक्त वरचा एक थर खालच्या टोकाला धरून वर उचलायचा. उचलता उचलता बाजूच्या कडा आपोआप आत ओढल्या जातात आणि शेवटी लांबट, निमुळता हिऱ्याचा आकार तयार होतो. नवख्या माणसाचा हात हमखास इथंच अडतो. एकाऐवजी दोन थर उचलले जातात, किंवा आडव्या घडीच्या थोडं खालीच कागद वळतो आणि टोक वाकडं येतं. चांगल्या आकृतीत ही जागा तीन चित्रांत असते: पहिल्यात कुठल्या रेघेवर काय वळणार, दुसऱ्यात अर्ध्यावर उचललेला, फुगलेला कागद, तिसऱ्यात चपटं झाल्यावरचं रूप. हातातला कागद तिसऱ्या चित्राशी जुळत नसेल तर चूक याच पायरीत झाली, आधीच्या दहा पायऱ्यांत नाही, हे तिथल्या तिथं कळतं. प्रत्येक आकृती आधीच्या कृतीचा ताळा असते. हा ताळा शिकणाऱ्याला स्वतःच करता येतो, त्याला विचारायला कुणी समोर लागत नाही, हे मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं.

व्हिडिओचे फायदे मी नाकारत नाही. कागद कसा हाताळायचा, घडी किती दाबायची, तीन-चार थर एकदम आत ढकलण्याची सिंकसारखी अवघड हालचाल कशी सुरू करायची, हे हलत्या चित्रात जितकं कळतं तितकं रेघांत कळत नाही. ओला कागद वापरून गोलाई आणण्याचं काम तर आकृतीत पुरतं उतरतच नाही. पण व्हिडिओत घडी घालणाऱ्याची बोटं नेमक्या त्याच ठिकाणी असतात जिथं आपल्याला बघायचं असतं. आठ मिनिटांच्या चित्रणात एकविसावी पायरी शोधायला पुढं-मागं करत बसावं लागतं आणि हातातला कागद तोवर सुटतो. छापून टेबलावर ठेवता येत नाही, समासात शिसपेन्सिलीनं खूण करता येत नाही. आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी की व्हिडिओ करणाऱ्याला अचूक असण्याची सक्ती नसते. ‘इथून साधारण एवढं घ्या’ म्हणून तो पुढं जातो. आकृती काढणाऱ्याला तसं चालत नाही. रेघ कुठून निघते आणि कुठं टेकते हे त्याला ठरवावंच लागतं.

याचं उदाहरण कागदाच्या कडेचे तीन समान भाग करण्याचं. कित्येक रचनांची सुरुवातच तिथं होते. व्हिडिओत बहुधा अंदाजानं, सरकवत सरकवत तीन भाग करून दाखवतात. जपानी शास्त्रज्ञ काझुओ हागा यांनी दाखवलेली रीत अशी: चौरसाचा खालचा उजवा कोपरा वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर आणून घडी घाला. दुमडून वर आलेली खालची कड डाव्या कडेला जिथं छेदते तो बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यापासून कडेच्या बरोबर दोन तृतीयांश अंतरावर असतो. पट्टी नको, अंदाज नको. समरूप त्रिकोणांनी दहावीच्या मुलालाही हे सिद्ध करून दाखवता येतं; घडीमुळं उजवीकडं तयार होणाऱ्या त्रिकोणाच्या बाजू 3, 4, 5 या प्रमाणात येतात. ही गोष्ट एका आकृतीत आणि दोन ओळींत मावते, आणि एकदा मावली की ती पाहणाऱ्याला पुढच्या शंभर रचनांत वापरता येते. अंदाजाची सवय लागलेल्या गटात पन्नास पायऱ्यांनंतर पंख एकमेकांशी जुळत नाहीत आणि खापर कागदाच्या जाडीवर फुटतं.

कागद आणि रेघ मिळून किती लांब जाऊ शकतात याचा दाखला आपल्याच देशात आहे. टी. सुंदर राव यांचं ‘जॉमेट्रिक एक्सरसायझेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक 1893 साली मद्रासमध्ये छापलं गेलं. बालवाडीच्या घडीकामावरून त्यांना ते सुचलं होतं: केवळ घड्या घालून पंचकोन, षटकोन, वक्ररेषांवरचे बिंदू कसे मिळवायचे याचं ते पुस्तक. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला, तो वाचून बेमन आणि स्मिथ या अमेरिकन गणितशिक्षकांनी पुस्तक मिळवलं आणि 1901 साली शिकागोत त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात प्रत्यक्ष घड्या घातलेल्या कागदांची छायाचित्रं आहेत, घडीची प्रत्येक रेघ दिसेल अशी. मद्रासच्या एका गृहस्थाचं घडीकाम जर्मनीत आणि अमेरिकेत पोचलं ते ओळख-देखीवर नाही. ते नेता येईल अशा रूपात मांडलेलं होतं.

आणि उलट बाजूचा पुरावा योशिझावांचाच आहे, जो मला अस्वस्थ करतो. ज्यांनी घडीची लिपी दिली त्या माणसानं आयुष्यभरात केलेल्या रचनांची संख्या 50,000 च्या घरात सांगितली जाते. त्यांची पुस्तकं 18. त्यांत आकृत्यांसह आलेल्या रचना काही शे. बाकीच्या कुठं आहेत? काहींचे फोटो आहेत, काहींचे घडवलेले नमुने संग्रहांत आहेत. पण त्या कशा घडवल्या हे सांगणारा माणूस 2005 मध्ये गेला. नमुना उघडून पाहायचा तर तो नमुना मोडतो. जगातले कसलेले ओरिगामीकार फोटोंवरून त्या रचना पुन्हा शोधायचा प्रयत्न करतात आणि जे हाती लागतं ते त्यांचंच असतं, योशिझावांचं असेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या प्रतिभेच्या बाबतीत असं झालं. मग आपल्या गटातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकानं घडवलेला गणपती, एखाद्या कॉलेजच्या मुलीनं बसवलेला धनेश, त्यांचं काय होणार? फोटोला शंभर बदाम मिळतील आणि दहा वर्षांनी ती घडी त्या दोघांनाही घालता येणार नाही.

इथं चोरीचा मुद्दा पुढं केला जातो आणि त्याला मी वजन देतो, कारण चोरी होते. पण चोरीवर उपाय म्हणून आकृत्याच काढू नका असं सांगणं म्हणजे दावा सांगणाऱ्यानं स्वतःच कागदपत्र नष्ट करण्यासारखं आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात कलाकृतीच्या व्याख्येत रेखाचित्र येतं आणि रेखाचित्रात आकृती, नकाशा, तक्ता, आराखडा यांचा नाव घेऊन समावेश आहे. म्हणजे तुम्ही काढलेल्या पायऱ्यांच्या आकृत्यांवर तुमचा हक्क आकृती काढल्याच्या क्षणापासून आहे. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कलम 57 त्यापुढं जाऊन सांगतं की हक्क विकले तरी कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडंच राहतो. मनातल्या घडीला असं कुठलंच संरक्षण नाही. फोटोवरून कुणी तुमची रचना हुबेहूब घडवली आणि ‘मला स्वतःला सुचली’ म्हणाला, तर तुमच्याकडं दाखवायला काय आहे? तारखेसह, नावासह, तीस जणांच्या हाती दिलेली पुस्तिका असेल तर तीस साक्षीदार आहेत. गुपित ठेवलेल्या रचनेला साक्षीदार नसतात.

2011 साली रॉबर्ट लँग आणि आणखी पाच ओरिगामीकारांनी अमेरिकेत सॅरा मॉरिस या चित्रकर्तीवर दावा लावला. तिनं त्यांच्या क्रीज पॅटर्नवर, म्हणजे पूर्ण उघडलेल्या कागदावरच्या घड्यांच्या नकाशांवर, रंग भरून मोठी चित्रं केली होती आणि मूळ कर्त्यांची नावं दिली नव्हती. 2013 मध्ये समेट झाला आणि चित्रांसोबत मूळ रचनाकारांची नावं देण्याचं ठरलं. या प्रकरणाकडं बोट दाखवून ‘बघा, आकृती बाहेर गेली की असं होतं’ असं सांगणारे आहेत. मला त्यातून अगदी वेगळं दिसतं. दावा उभा राहिला तोच मुळी नकाशे आधी प्रसिद्ध झालेले होते म्हणून. रेघेला रेघ जुळवून दाखवता आली. जे फक्त बोटांत होतं त्यावर कुठल्या न्यायालयात काय जुळवून दाखवलं असतं?

मात्र याच संदर्भात एक गोष्ट मला ठणकावून सांगायची आहे, कारण तिच्यामुळं वाटपाचं नाव बदनाम झालं आहे. दुसऱ्याचं विकत मिळणारं पुस्तक स्कॅन करून गटात टाकणं याला वाटप म्हणत नाहीत. ज्यानं महिनोन्‌महिने घालवून शंभर पायऱ्या काढल्या आणि त्या पुस्तकाच्या विक्रीवर ज्याचं पोट आहे, त्याची ती फसवणूक आहे, आणि ‘आम्ही कुठं पैसे घेतले’ या सबबीनं ती धुतली जात नाही. कर्त्याचं नाव खोडून, आपल्या गटाचं बोधचिन्ह चिकटवून आकृत्या फिरवणं तर त्याहून वाईट. गट चालवणाऱ्यांनी अशा फायली काढून टाकल्या पाहिजेत आणि टाकणाऱ्याला कारण सांगितलं पाहिजे. पण स्वतःच्या रचनेची स्वतः काढलेली आकृती स्वतःच्या इच्छेनं देणं आणि दुसऱ्याच्या पुस्तकावर डल्ला मारणं या दोन्हींना एकाच पारड्यात टाकून दोन्ही बंद करा म्हणणारे चोराला मोकळं सोडतात आणि वाटणाऱ्याचाच हात धरतात.

उत्पन्नाचं काय, हा प्रश्न ओरिगामी शिकवून चार पैसे मिळवणारे विचारतात आणि तो रास्त आहे. कुणावरही सगळंच फुकट देण्याची सक्ती नसावी. पण फुकट दिलेल्यानं धंदा बसतो हे म्हणणं तपासून घ्यायला हवं. लँग यांनी गुंतागुंतीच्या रचनांचा आराखडा तयार करणारी ट्रीमेकर ही आज्ञावली मोफत आणि मुक्त स्वरूपात दिली, कित्येक क्रीज पॅटर्न खुले ठेवले, आणि त्यांची जाडजूड पुस्तकं तरीही विकली जातात. शेजारच्या दुसऱ्या छंदातलं उदाहरण तर भारतातलंच आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी 2003 साली हौशी रेडिओवाल्यांसाठी बिटएक्स नावाच्या संचाची पूर्ण रचना, आकृत्या आणि जोडणीच्या सूचनांसह, सर्वांसाठी मांडली. परदेशी सुटे भाग इथं मिळत नाहीत हे ओळखून त्यांनी कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वॉशर वापरायला सांगितला होता, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. देशोदेशीच्या लोकांनी तो संच बांधला, चुका कळवल्या, सुधारणा सुचवल्या. पुढं फरहान यांनी तयार संच विकायला सुरुवात केली तेव्हा ते विकत घेणारा वर्ग या खुल्या आकृत्यांनीच तयार केलेला होता. ओरिगामीच्या शिबिराला पैसे देऊन कोण येतं? ज्यानं तुमच्या फुकट मिळालेल्या सोप्या आकृतीवरून एकदा ससा घडवला आहे आणि आता ज्याला तुमच्यासमोर बसून अवघड काही शिकायचं आहे, तो येतो.

पुण्यात तर याचा आणखी मोठा पुरावा डोळ्यांसमोर आहे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याच्या सचित्र पुस्तिका आणि पुस्तकं वर्षानुवर्षं विनामूल्य खुली ठेवली, मराठीसह अनेक भाषांत. आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. केंद्रात प्रत्यक्ष येऊ शकणारी मुलं शेवटी मोजकीच. काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे सांगाडे ज्या असंख्य शाळांत जोडले गेले तिथं त्या चित्रांनीच काम केलं. त्या पुस्तिकांत कागदाच्या टोप्या आणि खेळणीही आहेत, आणि एखाद्या खेड्यातल्या बाईंना ती पानं छापून फळ्याशेजारी लावता येतात, तिथं नेटवर्क असो वा नसो.

राहिला आक्षेप नकलेचा. यावर महाराष्ट्रानं एक मोठं भांडण आधीच पाहिलेलं आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेत स्वरलिपीसह छापून टाकल्या, तेव्हाही हेच म्हटलं गेलं. विद्या बाजारात मांडली, पुस्तकावरून कुठं गाणं येतं का, गुरूची गरजच संपली. पुस्तकावरून गाणं येत नाही हे भातखंड्यांनाही ठाऊक होतं. स्वरलिपीत बंदिशीचा सांगाडा येतो, गायकी येत नाही. पण सांगाडा वाचला. घराण्यांच्या तिजोरीत राहिल्या असत्या तर ज्या बंदिशी उस्तादांबरोबर गेल्या असत्या त्या आज संगीताचा विद्यार्थी शिकतो, आणि गुरूंकडं जाणाऱ्यांची रांग काही त्यामुळं आटली नाही. ओरिगामीतही तसंच आहे. दुसऱ्याच्या वीस रचना पायऱ्या पाहून घडवल्याशिवाय बर्ड बेसमधून, म्हणजे क्रौंचाच्या मूळ घडीतून, किती टोकं निघतात, कुठला कोपरा पाय होऊ शकतो, कुठं कागद वाया जातो हे कळत नाही. स्वतःची रचना करणारे लोक याच वाटेनं गेलेले असतात. नकलेवरच थांबणारे काही जण असतील. त्यांना छंदाचा आनंद मिळतो आहे आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

‘आम्हाला चित्रकला येत नाही’ ही सबब तेवढी उरते. ओरिगामीच्या आकृतीला चित्रकला लागतच नाही. चौरस, तिरप्या रेघा, बाण, काळजीपूर्वक लावलेले क्रमांक. आलेखाच्या कागदावर पट्टीनं काढून मोबाइलवर स्वच्छ स्कॅन केलेलं पान पुरतं, आणि संगणकावर रेघा काढण्याची मोफत साधनंही आहेत. लागते ती चिकाटी, आणि दुसऱ्याच्या जागी बसून विचार करण्याची तयारी. म्हणून गटानं एक रीत पाडून घ्यावी: आकृत्या सगळ्यांना देण्याआधी ज्यानं ती रचना कधीच पाहिलेली नाही अशा एका सभासदाला द्यायच्या, आणि त्यानं कर्त्याला काहीही न विचारता कागद शेवटपर्यंत न्यायचा. तो जिथं अडेल तिथं आकृती अपुरी आहे. तिथं मधलं एक चित्र वाढवायचं, बाण मोठा करायचा, कागदाची रंगीत बाजू आधी वर होती की खाली ते लिहायचं. पहिल्या पानावर कर्त्याचं नाव, वर्ष, कागद किती सेंटिमीटरचा आणि किती पातळ घ्यायचा ते, आणि ही पुस्तिका पुढं देता येईल का, वर्गात शिकवता येईल का, विकता येईल का याची तीन स्पष्ट वाक्यं असावीत. गट चालवणाऱ्यांनी अशा पुस्तिका कर्त्याच्या नावानुसार लावून एका जागी ठेवाव्यात, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीची रचना शोधायला कुणाला हजार संदेश चाळावे लागणार नाहीत. हे काम एका रचनेसाठी दोन-चार संध्याकाळी घेतं. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी निदान उघडलेल्या कागदाचा क्रीज पॅटर्न तरी काढून द्यावा, घडलेल्या वस्तूच्या फोटोशेजारी. जाणकाराला त्यावरून वाट सापडते, आणि पुढं कुणीतरी कर्त्याची परवानगी घेऊन त्याच्या पायऱ्या काढू शकतो.